मित्राच्या नव्या गाडीला नाही कसं म्हणायचं?

वाचकाचं पत्र

आम्ही ब्रिस्बेनमधली पाच मराठी कुटुंबं. गणपती, दिवाळी, वाढदिवस सगळं एकत्र. सप्टेंबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीत फ्रेझर आयलंडवर चार रात्री तंबूत राहायचं ठरलंय. दहा मोठी माणसं, आठ मुलं, सगळ्यांत धाकटं चार वर्षांचं. तीन गाड्या पक्क्या फोर-व्हील-ड्राइव्ह आहेत, त्यातली एक सात सीटर. उरलेल्या दोन घरांकडे ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही. त्यातल्या एका मित्राने गाडी नुकतीच घेतलीय आणि तो म्हणतो, "शोरूमवाल्याने सांगितलंय, बीचवर आरामात चालते." माझ्या नवऱ्याला हे पटत नाही, पण दोघं कॉलेजपासूनचे मित्र. बोलणार कोण?

त्यात सासू-सासरे सांगलीहून आलेत. त्यांना घरी ठेवून गेलो तर बरं दिसेल का? पुरुष मंडळींना शेकोटी आणि मटण हवंय. गाडी फसली तर ओढून काढायचा खर्च कोणी द्यायचा, यावर आत्ताच कुजबुज सुरू झालीय. परमिट, याद्या, जेवण, व्हॉट्सॲप ग्रुप सगळं माझ्या डोक्यावर. सहल रद्दच करावी असं वाटायला लागलंय.

ता. क. नवरा म्हणतो, फसलीच एखादी गाडी तर गाडीमागच्या टोबॉलला दोर बांधून दुसरीने ओढू, त्यात काय एवढं. खरं का?

– वैतागलेली संयोजक, ब्रिस्बेन

उत्तर

प्रिय ताई,

सहल रद्द करू नका. त्या बेटासारखी दुसरी जागा नाही: 120 किलोमीटरहून लांब, नुसत्या वाळूचं, जगातलं सगळ्यांत मोठं वाळूचं बेट, आणि त्या वाळूवर चक्क घनदाट जंगल. 2023 पासून त्याचं अधिकृत नाव पुन्हा मूळचं झालंय, तिथल्या मूळ रहिवासी बुचुल्ला लोकांचं क'गारी. त्यातला पहिला क उच्चारत नाहीत. मुलांना तेवढं सांगून ठेवा.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. प्रश्न गाडीचा, शेकोटीचा, पैशांचा असा वेगवेगळा मांडलाय, पण सगळीकडे दुखणं एकच आहे. कोणीतरी कोणाला तरी नाही म्हणायचं राहिलंय. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशाच वेळी. घरच्या हॉलमध्ये जे बोलायचं टाळलं, ते भरती चढत असताना, चाकं रुतलेल्या गाडीपाशी, रडणाऱ्या मुलांसमोर बोलावं लागतं आणि तेव्हा आवाज चढलेले असतात. म्हणून बार्जवर, म्हणजे गाड्या बेटावर नेणाऱ्या बोटीवर, चढायच्या आधी सगळ्या 'नाही' उरकून घ्या.

पहिली 'नाही' नव्या गाडीला. ऑल-व्हील-ड्राइव्ह वाईट गाडी नव्हे. पावसात, घाटात, खडीच्या रस्त्यावर ती छान चालते. ओहोटीच्या वेळी घट्ट ओल्या किनाऱ्यावरून तशा गाड्या जातातही, आणि शोरूमवाल्याने तेच डोळ्यांसमोर ठेवून सांगितलं असेल. पण बेटावरचे आतले रस्ते म्हणजे भुसभुशीत वाळूतल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधोमध उंचवटा. पोट खाली असलेली गाडी त्या उंचवट्यावर टेकते आणि चाकं नुसती गरागरा फिरत राहतात. लो रेंजचा गिअर असेल तर गोगलगायीच्या चालीनेही चाकांना भरपूर जोर मिळतो. तो नसला की ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबत जातो, गिअरबॉक्स तापतो, डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि गाडी आपली ताकद आपणच कमी करून टाकते. सप्टेंबर तिथला कोरडा महिना, वाळू आणखी मऊ. उद्यान विभागही उंच क्लिअरन्सची, लो रेंज असलेली फोर-व्हील-ड्राइव्हच आणा असं सांगतो. एक गाडी अरुंद वाटेवर अडकली की मागे दहा गाड्यांची रांग लागते, आणि ओढायला बाहेरून माणूस बोलावला तर बिल हजारांत जातं.

मग अठरा माणसं कशी मावणार? तुमच्या तीन गाड्यांत सतरा जागा आहेत. बेटासमोरच्या रेनबो बीच किंवा हर्वी बे या गावांत बेटासाठीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह भाड्याने मिळतात. अशी एक घेतली की बावीस जागा होतात. नेहमीच्या भाड्याच्या कंपन्यांच्या करारात वाळूवर गाडी न्यायला बहुधा मनाई असते, तेव्हा बेटासाठी म्हणूनच देणारा गाठा. आणि ती भाड्याची गाडी चालवायला द्या तुमच्या त्या मित्राला. त्याला सहलीतून वगळायचं नाही, त्याची गाडी वगळायचीय. हा फरक त्याला पहिल्या वाक्यातच कळला पाहिजे.

बोलणार कोण? तुमचा नवरा, आणि ग्रुपवर नव्हे, फोनवर. मित्राच्या नव्या गाडीची उणीव चौघांदेखत काढली की तो गाडीची बाजू घेणारच, तुम्ही किती का खरं बोलत असेना. एकदा दोघांचं बोलणं झालं की मग ग्रुपवर तुम्ही नियम म्हणून टाका, माणसाचं नाव न घेता. असं काहीतरी:

"मंडळी, बेटावर फक्त लो रेंजवाल्या गाड्या न्यायच्या. आपल्या तीन आणि भाड्याची एक, अशा चार. भाडं, पेट्रोल-डिझेल, बार्ज आणि परमिटं सगळं एकत्र करून पाच घरांत सारखं वाटायचं. बाकी दोन गाड्या ब्रिस्बेनलाच राहतील. हरकत असेल तर रविवारी चहाला या, ग्रुपवर चर्चा नको."

शेवटचं वाक्य गाळू नका. व्हॉट्सॲपवर निर्णय होत नाहीत, अंगठे जमतात.

पैशांचा विषय त्याच चहाला काढा. माझं मत असं: समान खर्च सारखा वाटायचा आणि गाडी फसून ओढायला लागली तर तो खर्चही कॉमन किटीतून, कारण तिथे कोणाचीही गाडी फसू शकते आणि तिच्यात दुसऱ्याचीही मुलं बसलेली असतात. पण सांगूनही कोणी लाटांत गाडी घातली तर तो ज्याचा त्याचा. शिवाय परतल्यावर ज्या तीन गाड्या खाऱ्या हवेत फिरल्या त्यांची खालून-वरून धुलाई किटीतून करायची. मीठ पत्रा खातं, आणि मनातही राहतं. विम्याच्या कागदात बेटावरचं, वाळूवरचं ड्रायव्हिंग धरलंय की नाही हे प्रत्येकाने स्वतः वाचायचं.

दुसरी 'नाही' आपल्या वेळेला. आपल्याकडे सातला निघायचं म्हणजे साडेनऊला, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. इथे चालणार नाही. बेटाच्या पूर्वेचा सेव्हन्टी फाइव्ह माइल बीच हाच तिथला हमरस्ता, आणि तो दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास किनाऱ्यावर गाडी चालवायची नाही, एवढं सूत्र पाठ करा. समजा जायच्या दिवशी ओहोटी सकाळी अकराला आहे. म्हणजे भरती पाचच्या सुमारास आणि तीननंतर तुम्ही किनाऱ्यावर नकोत. मग ब्रिस्बेन पहाटे पाचला सोडायचं. बार्ज सुटतो त्या इन्स्किप पॉइंटला पोचायला साडेतीन तास धरा, हवा काढून बार्जवर चढेपर्यंत साडेनऊ होतात. बार्जचं अंतर दहा-पंधरा मिनिटांचं. कोकणात पुळणीवर गाडी घालून भरतीत अडकलेल्यांचे व्हिडिओ आपण दर हंगामात एकमेकांना हसत पाठवतो. तिकडच्यांच्या ग्रुपवर आपला जायला नको.

हवा काढण्याचं काम घाईत करू नका. इन्स्किपला डांबर संपतं तिथे, बार्जच्या अलीकडेच, भल्याभल्यांच्या गाड्या रुततात. तिथे प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या चाकापाशी उकिडवं बसून व्हॉल्व्हचं टोपण खिशात टाकायचं (वाळूत पडलं की गेलं), हवा सोडायची, मधेमधे गेज लावायचा. रस्त्यावर 36-38 पीएसआय असेल तर 18-20 वर आणायची. टायर तळाशी फुगून बाहेर आल्यासारखा दिसतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला पंक्चर वाटतं. तो फुगवटाच कामाचा: टायर जमिनीवर लांब पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून जाते. हवा कमी असताना वेगात तीव्र वळण घेऊ नका, टायर रिमवरून सुटू शकतो. परत डांबरावर आलात की काँप्रेसरने हवा भरूनच पुढे.

किनाऱ्यावर 80 ची मर्यादा आहे, पण 80 ने चालवा असं कोणी सांगितलेलं नाही. गोड्या पाण्याचे ओहोळ समुद्राकडे जाताना वाळू कापतात. लांबून सपाट दिसतं आणि जवळ गेल्यावर गुडघाभर उंचीची कड निघते. तिथे वेगात आलेल्या गाड्या उलटतात. आधी थांबा, कोणीतरी उतरून बघा. समोरून गाडी आली की आपण कोणत्या बाजूने जाणार ते इंडिकेटरने दाखवायची तिकडची पद्धत आहे. तिथे विमानंही उतरतात, आणि विमानाला वाट द्यावी लागते! पोलीस किनाऱ्यावर दारूची तपासणी करतात, हे बिअरची खोकी आणणाऱ्याला आधीच कळवा. समुद्रात उतरायचं नाही. जीवरक्षक नाहीत, ओढ जबरदस्त, शार्क आहेत. मुलांना पाण्यात खेळायचंच तर ईलाय क्रीक आहे: तासाला चाळीस लाख लिटर स्वच्छ गोडं पाणी समुद्रात सोडणारा ओढा. ट्यूबवर बसून वाहत खाली यायचं, पुन्हा चालत वर जायचं. मुलं दिवसभर हलणार नाहीत.

चार गाड्यांत पुढची कोणाची आणि शेवटची कोणाची हे ठरवा. वाळूवर सगळ्यांत जास्त चालवलेला माणूस पुढे, दुसरा जाणता शेवटी, दोघांकडे यूएचएफ वॉकीटॉकी, कारण मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नाही. गाडीच्या बाबतीत पुढच्याचा शब्द अखेरचा. तो वयाने लहान असला तरी.

आता शेकोटी. ही 'नाही' अर्धीच आहे. बेटावर स्वतःची शेकोटी पेटवायला बंदी आहे. फक्त डुन्डुबारा आणि वॉडी पॉइंटच्या तळांवर सामाईक अग्निकुंडं आहेत, आणि तिथेही लाकूड घरून न्यायचं, करवतलेलं, रंग-रसायन न लावलेलं. बंदी कशासाठी, असं कोणी विचारलंच तर 2020 सांगा. त्या वर्षी बेकायदा शेकोटीतून लागलेली आग कित्येक आठवडे धुमसत राहिली आणि निम्म्याहून जास्त बेट जळलं. शेकोटी वाळूने बुजवली की विझते असा आपला समज असतो, पण वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगत राहतो. पाण्यानेच विझवायची.

तुम्ही डुन्डुबाराचाच तळ घ्या असं मी म्हणेन, आणि तो शेकोटीसाठी नव्हे, कुंपणासाठी. चौदाच्या आतली मुलं असलेल्यांनी कुंपण असलेल्या तळावरच राहावं असा उद्यान विभागाचा आग्रह आहे, डिंगो नावाच्या तिथल्या रानकुत्र्यांमुळे. तिथे संडास आणि आंघोळीची सोयही आहे. किनाऱ्यावरच्या उघड्या जागांवर यातलं काही नाही, आणि आठ मुलं नि एक फावडं हा संसार चार रात्री चालत नाही.

डिंगो हा विषय तुमच्या ग्रुपमध्ये कोणी काढलेला दिसत नाही. दिसायला आपल्या गल्लीतल्या तांबूस कुत्र्यासारखाच, आणि नेमका तोच धोका आहे. आपली मुलं "यू यू" करत जातात. 2001 मध्ये तिथे डिंगोंनी नऊ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. 2023 मध्ये किनाऱ्यावर एकटीच पळायला गेलेल्या बाईला कळपाने पाण्यात गाठलं, गाडीतून जाणाऱ्यांनी वाचवलं म्हणून ती वाचली. तेव्हा मूल हाताच्या अंतरावर, कुंपणाबाहेर एकट्याने कोणी जायचं नाही, मोठ्यांनीही नाही. डिंगो समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, ताठ उभं राहून मदतीला हाक मारायची आणि सावकाश मागे सरायचं. खाऊ घातलंत तर दंड दोन हजार डॉलरच्या वर.

आणि इथेच मटणाचा प्रश्न येतो. आणा की! पण घरी शिजवून, गोठवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. तिथे फक्त गॅसवर गरम करायचं. कुंपण असलं तरी तंबूत अन्नाचा कण नको. लाडू नाहीत, चकल्या नाहीत, टूथपेस्टही नाही. सगळं रात्री गाडीत कुलपात, कचऱ्याच्या पिशवीसकट. उष्टी ताटं "सकाळी घासू" म्हणून बाहेर ठेवायची नाहीत. पहिल्या रात्री मटण, नंतर पिठलं-भात, भाजणीचं थालीपीठ, खिचडी. आणि ताई, हे खातं तुमच्याकडे नको. तुमच्याकडे परमिटं ठेवा: प्रत्येक गाडीचं वेगळं आणि तंबूंचं वेगळं, दोन्ही आधी काढावी लागतात आणि सुट्टीत डुन्डुबारा लवकर भरतं. जेवण ज्यांना मटण हवंय त्यांच्याकडे द्या. मागणी करणाऱ्याच्या हातात डाव दिला की मेनू आपोआप आटोपशीर होतो. आणि चार रात्रींच्या तीन करा. चौथ्या दिवशी लहान मुलं आणि मोठ्यांचे स्वभाव दोन्ही कुरकुरायला लागतात.

बोरांगूरा, म्हणजे लेक मॅकेन्झी, बघायला जाल तेव्हा एवढंच: पोहायच्या आधी अंगाला तेल, सनस्क्रीन फासू नका. त्या तळ्यात ना ओढा येतो ना बाहेर पडतो, नुसतं पावसाचं पाणी वाळूतल्या घट्ट थरावर साठलेलं असतं. जे आत गेलं ते आतच राहतं. सूर्यासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. उत्तरेकडे इंडियन हेड लागेल, तिथे "आपलं नाव!" म्हणून फोटो काढायचा मोह होईल. ते नाव 1770 मध्ये कॅप्टन कुकने तिथल्या मूळ रहिवाशांना बघून दिलं, आपला काही संबंध नाही.

राहिले सासू-सासरे. आधी एक विचारते: त्यांना विचारलंत का? तंबूत जमिनीवर झोपणं आणि चाकोऱ्यांमधून तासन्‌तास हादरे खाणं सत्तरीच्या कंबरेला सोसत नाही, आणि बरेचदा तेच मनातून "आम्हाला नको बाई" म्हणत असतात, पण सून काय म्हणेल म्हणून गप्प. इथे तेही भिडेलाच बळी. शिवाय भारतातून आलेल्या पाहुण्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, लागू नाही, आणि क्वीन्सलँडच्या रहिवाशांना जी ॲम्ब्युलन्स फुकट मिळते ती त्यांना मिळत नाही. बेटावरून हेलिकॉप्टरने आणायची वेळ आली तर प्रवास विमा त्यात किती देतो ते पाहून ठेवा.

त्यांना बेट दाखवायचंच असेल तर या सहलीच्या आधी किंवा नंतर, तुम्ही दोघं आणि ते दोघं, दोन दिवस वेगळे काढा. रिव्हर हेड्सहून फेरीने पाऊण-एक तासात बेटावरच्या किंगफिशर बे रिसॉर्टला पोचता येतं, पायी चढता येतं, तिथे खोल्या आहेत, आणि उंच चाकांच्या बसमधून एका दिवसाची सहल होते. ऑक्टोबरपर्यंत हर्वी बेच्या पाण्यात हंपबॅक देवमासे पिलांसह थांबलेले असतात. उरांगनहून बोटी सुटतात. सांगलीला परतल्यावर सासूबाई शेजारणीला वाळूतल्या गाड्यांचं नाही, त्या माशाचंच सांगतील.

तुमची,
सदरलेखिका

ता. क. टोबॉलचं खरं नाही. नवऱ्याला हे आजच वाचून दाखवा. टोबॉल, म्हणजे गाडीमागचा तो लोखंडी गोळा, ट्रेलर ओढायला असतो, रुतलेली गाडी हिसका देऊन काढायला नाही. तो तुटला की तोफगोळ्यासारखा काच फोडून आत येतो, आणि ऑस्ट्रेलियात अशी माणसं मेलेली आहेत. दोर म्हणजे स्नॅच स्ट्रॅप, ताणला जाणारा खास पट्टा, आणि तो गाडीच्या रेटेड रिकव्हरी पॉइंटलाच (ओढण्याचा भार पेलायला बनवलेल्या जागेलाच), रेटेड शॅकलने, म्हणजे तेवढा भार पेलणाऱ्या कडीने. भाड्याच्या गाडीला तो पॉइंट कुठे आहे हे गाडी घेतानाच विचारून बघून घ्यायचं. पण बहुतेक वेळा दोराची पाळीच येत नाही. चाक फिरायला लागलं की ताबडतोब थांबायचं, सगळ्यांना उतरवायचं, चाकांपुढची-मागची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढायची, हवा 15 पर्यंत आणायची आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे यायचं. नाहीच जमलं तर चाकाखाली रिकव्हरी ट्रॅक, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, घालायचे. आणि दोर लावायलाच लागला तर मुलं, मोबाइलवाले आणि सूचना देणारे, सगळे दोराच्या लांबीपेक्षा लांब.